स्वयंपाकघरासहित अण्णा

असे अण्णा प्रत्येक गोतावळ्यात एक तरी असतात. बँकेतून निवृत्त, सोसायटीचे तहहयात सेक्रेटरी आणि कुणाच्याही सहलीचे न नेमलेले व्यवस्थापक. त्यांच्यापुढे हॉटेलचं नाव काढलं, की ते कीव आल्यासारखे हसतात. "हॉटेलात काय असतं? एक पलंग, एक टीव्ही आणि सोन्याच्या भावाचा चहा. आपण सर्व्हिस अपार्टमेंट घ्यायचं. दोन बेडरूम, हॉल, किचन. अगदी घरच्यासारखं!" घरच्यासारखंच राहायचं तर घर सोडायचं कशाला, हे त्यांना विचारायचं नसतं. विचारणाऱ्याला ते वहीतला हिशोब दाखवतात.

यंदा दुबई होती. मुंबईहून तीन-साडेतीन तासांचं विमान आणि तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे. अण्णांनी तो दीड ताससुद्धा फायद्याच्या बाजूला मांडला. सामानात कुकर, थालिपिठाची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला. अमिरातीत खसखस नेणं हा गुन्हा आहे, ही माहिती त्यांनी निघण्याच्या आदल्या आठवड्यात काढली आणि तयार मसाला बाजूला ठेवून खसखशीविना नवा करायला लावला. कायदा आपण काटेकोर पाळतो, असं ते वाटेत दोनदा म्हणाले. मसाला काकूंनी कुटला होता.

अपार्टमेंट चांगलं तालेवार होतं. लॉबीत ऊदाचा वास, संगमरवर असा की चालताना आपल्याच चपलांची लाज वाटावी. विमान पहाटे उतरलं आणि खोलीचा ताबा दुपारी तीनला. मधले तास अण्णांनी बॅगांवर हात ठेवून, एसटीची वाट बघावी तसे काढले. मग काउंटरवरच्या मल्याळी मुलाने गोड आवाजात अनामत रक्कम मागितली आणि वर टूरिझम दिरहॅम. हा तिथला 2014 पासूनचा सरकारी कर. तो दर रात्री लागतो आणि अशा घरांत प्रत्येक बेडरूममागे. आता दोन बेडरूमचा आग्रह कुणाचा होता? अण्णांनी मेंटेनन्सच्या बिलासारखा तपशील मागितला, पावती दोन्ही बाजूंनी वाचली, आणि दर दिरहॅमला तेवीस-चोवीस रुपयांनी गुणून खुर्चीत बसले.

खोलीचं वर्णन करताना जाहिरातीने 'बुर्ज खलिफाचं अंशतः दर्शन' म्हटलं होतं. इमारत 828 मीटर उंच. जगात याहून उंच बांधलेलं काही नाही. पण समोर एक काचेचा टॉवर नेमका असा उभा, की बाल्कनीच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन, कठड्याला पोट टेकवून मान वळवली तरच तिचं टोक दिसे. अण्णांनी सर्वांना एकेक करून ते दर्शन घडवलं. "पैसे भरलेत," ते म्हणाले, "बघून घ्या."

खरी कसोटी स्वयंपाकघरात. सहा वाइन ग्लास होते, बाटलीचं बूच काढायचा स्क्रू होता, पण चहाचं गाळणं नव्हतं. सांडशी नाही, तवा नाही, पोळपाट-लाटण्याची तर गोष्टच सोडा. सुरी अशी, की टोमॅटोने तिला दाद दिली नाही. शेगडी इंडक्शनची. अण्णांचा कुकर ॲल्युमिनियमचा. तो ठेवला की शेगडी एकदा 'पीं' करून गप्प. लोखंड असलेल्या बुडाशिवाय ती पेटत नाही हे अण्णांना ठाऊक नव्हतं. त्यांनी खाली फोन करून शेगडी नादुरुस्त असल्याची तक्रार नोंदवली. शेवटी पातेल्यात भात लागला आणि आमटीच्या फोडणीने धुराचा भोंगा वाजवला.

दोन मिनिटांत सुरक्षारक्षक दारात. अण्णा त्याला फोडणीचं शास्त्र समजावू लागले: मोहरी तडतडली नाही तर फोडणी कसली? इथे मात्र मी त्या रक्षकाच्या बाजूचा आहे. 2015 च्या 31 डिसेंबरला त्याच भागातलं एक उंच हॉटेल पेटलेलं साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. ते लोक भोंग्याची चेष्टा करत नाहीत. पण अण्णांना वाटलं, आपल्या संस्कृतीवर हल्ला झाला.

मग कपडे. धुणं आणि वाळवणं एकाच यंत्रात; अर्धा दिवस घेऊन त्याने अण्णांचे बनियन गरम, ओलसर आणि पापडासारखे चुरगळलेले परत दिले. त्यांनी ते बाल्कनीच्या कठड्यावर पसरले. पुन्हा फोन. दुबईत दर्शनी बाल्कनीत कपडे वाळत घालायला पालिकेची मनाई आहे. आपल्या सोसायटीत हाच नियम अण्णांनी स्वतः आणला होता, नोटीस बोर्डावर लाल शाईत. काकू त्यांच्याकडे बघून फक्त हसल्या.

अशा जागेची गंमत अशी, की टॉवेल बदलून मागावा तर "सर, हे अपार्टमेंट आहे, सफाई आठवड्यातून दोनदा", आणि कपडे वाळत घालावे तर "सर, हे हॉटेल आहे." भाडं मात्र दोन्हींचं. भांडी सफाईत धरलेली नाहीत, हे नियमपत्राच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं. अण्णांनी संताप व्यक्त केला. भांडी काकूंनी घासली. "घरी निदान भांड्यांना बाई आहे," त्या नळ सोडून म्हणाल्या. अण्णांच्या वहीत या वाक्याला रकाना नव्हता.

करामा नावाची वस्ती टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटांवर. तिथे वडापावपासून थाळीपर्यंत सगळं मिळतं, गरम आणि आयतं. पण तिथे जाणं म्हणजे हिशोब चुकल्याची कबुली. अण्णा त्याऐवजी व्यवस्थापकाला पत्र लिहीत बसले, 'महोदय, अत्यंत खेदपूर्वक' या चालीवर, मुद्द्यांना क्रमांक देऊन. सहलीतले त्यांचे सर्वांत रमलेले तास तेच. बुर्जापुढे उभं असतानाही चेहरा इतका खुलला नव्हता. उत्तरादाखल फळांची करंडी आली आणि निघायच्या दिवशी खोली एक तास जास्त वापरायची मुभा. "बघा," अण्णा म्हणाले, "पाठपुरावा करावा लागतो." करंडीतली सफरचंदं त्यांनी कुकरमध्ये भरून मुंबईला आणली. कुकरचा तेवढाच उपयोग झाला.

परत आल्यावर ते भेटेल त्याला सांगतात, दुबईला जाल तर अपार्टमेंटच घ्या. पुढच्या वर्षी सिंगापूर ठरलं आहे, आणि त्यांनी किचनवालीच जागा नोंदवली होती. काकूंनी ती मुलाकडून परस्पर रद्द करून नाश्त्यासकट हॉटेल घेतलं आहे. अण्णांना हे अजून कळलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.