मांजर फुकट, जाळी वेगळी

प्राण्यांच्या निवाऱ्यात मांजर दत्तक घ्यायला गेलेला गृहस्थ दहा मिनिटांत तणतणत बाहेर येतो. "केवढी ती चौकशी! आम्ही काय चोर आहोत?" भाड्याचं घर घेताना हाच गृहस्थ पोलीस पडताळणी, डिपॉझिट आणि "नॉनव्हेज खात नाही ना?" हे सगळं मान खाली घालून ऐकून घेतो. मांजराच्या वतीने कुणी चार प्रश्न विचारले, की मात्र याचा अपमान होतो.

खरं भांडण खिडकीला जाळी बसवण्याच्या निवाऱ्याच्या अटीवरून. "अहो, मांजर कुठूनही पडलं तरी चार पायांवरच पडतं!" न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी १९८७ साली उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची माहिती छापली. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के वाचली, हा आकडा लोकांनी लगेच उचलला. फुटलेले जबडे आणि छातीला झालेल्या इजा तिथेच राहिल्या. शिवाय जी खाली पडून जागच्या जागी मेली, त्यांना दवाखान्यात कोण नेणार आणि मोजणार कोण? गंमत म्हणजे कबुतर आत येऊ नये म्हणून आपण बाल्कनीला हौसेने जाळी मारतो. मांजर बाहेर पडू नये म्हणून मारा म्हटलं, की महागाई आठवते.

मग नसबंदी. "एकदा तरी तिला आई होऊ द्या हो." आवाजात काय तो कळवळा! मांजर चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते आणि गाभण राहिली की साधारण नऊ आठवड्यांत विते. मातृत्वाचा भक्त तेव्हा गावाला गेलेला असतो. परतल्यावर अंधार पडला की पिल्लं बुटांच्या खोक्यात घालून त्याच निवाऱ्याच्या फाटकाशी ठेवतो. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, हा आठवं दाखवतो.

निवडीचं तर विचारूच नका. पांढरंशुभ्र, झुपकेदार शेपटीचं, निळ्या डोळ्यांचं आणि अर्थातच फुकट हवं. कोपऱ्यात तीन वर्षांचा काळा देशी बोका आरामात बसलेला असतो. नसबंदी झालेली, लसी टोचलेल्या, मातीच्या ट्रेमध्ये जायची सवय लागलेली. म्हणजे पिल्लू घरी नेल्यावर जी कटकट होते, ती सगळी दुसऱ्या कुणीतरी आधीच उरकलेली. पण "आईंना काळं चालत नाही." सोफ्यावर घोरणारं मांजर आईंना आडवं कधी जाणार, हे आईंनाच विचारायला हवं.

सगळं जुळलं की शेवटचं अस्त्र निघतं : सोसायटीत चालत नाही. बहुमताचा ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाने २०१५ सालीच कळवलंय. ते परिपत्रक सचिवांच्या हातात द्यायचं कुणी? मांजराच्या गळ्यात घंटा बांधणं त्या मानाने सोपं.

अर्जात एक रकाना असतो : "बदली झाली किंवा घरात बाळ आलं, तर मांजराचं काय कराल?" बहुतेक जण तो कोरा सोडतात. एखादा प्रामाणिक माणूस लिहितो, "इथेच परत आणून देऊ." निदान पत्ता तरी नीट लिहितो.