आठ ऐंशी सहाशेचाळीस

शाळेतलं गणित सोपं होतं. चौपदरी महामार्गावर मालट्रकला ताशी ८० किलोमीटरची मुभा. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं ठरवलं होतं, दिवसाचं काम ८ तास. आठ ऐंशी सहाशेचाळीस. उत्तराखाली दोन रेघा मारा. प्रत्यक्षात आपला ट्रक दिवसाकाठी साधारण ३०० किलोमीटर कापतो आणि चालक मात्र कित्येकदा बारा तासांच्या वर स्टिअरिंगला चिकटलेला. म्हणजे हातचा कुठेतरी गळतोय.

कुठे, ते कोणत्याही क्लीनरला ठाऊक असतं. थोडा न्हावा शेव्याच्या रांगेत, थोडा कसारा घाटात पुढच्या ट्रकच्या धुरात, थोडा शहराच्या वेशीवर ‘अवजड वाहनांस प्रवेश बंद’ या पाटीखाली. उरलेला ‘कागद दाखव’ म्हणणाऱ्या हातात. त्या हाताला कागदापेक्षा कागदाच्या घडीत रस. २०१७ मध्ये जीएसटी आला, मुंबईचे जकात नाके गेले. मग फास्टॅग सक्तीचा झाला. रांगेनं मात्र राजीनामा दिला नाही, फक्त बदली घेतली.

अमेरिकेत एका पाळीत ११ तासांच्या वर ट्रक हाकायला बंदी. केबिनमधलं यंत्र मिनिटं मोजतं. आपल्याकडे यंत्र एकच, मालकाचा मोबाइल. तो विचारतो, “कुठवर पोचलास?” “कधी झोपलास?” हे त्याच्या पाढ्यात नाही.

तेव्हा ऑनलाइन मागवलेला मिक्सर एक दिवस उशिरा आला, तर तक्रार जरूर करा. फक्त हळू आवाजात; आणणाऱ्याचा आत्ता कुठे डोळा लागतोय.