शटरची हद्द

मोटरच्या शटरला कुठे थांबायचे ते आपसूक कळत नाही, ठरवून द्यावे लागते. दुकानाच्या साइड मोटरमध्ये त्यासाठी आटे पाडलेला एक दांडा असतो. तो शटरबरोबर फिरतो, त्यावरच्या दोन चकत्या सरकतात आणि स्विचला टेकल्या की मोटर थांबते. एक चकती वरची हद्द राखते, दुसरी खालची. मेन स्विच बंद करून चकती एखादी खाच फिरवायची, शटर चालवून पाहायचे, गरज पडल्यास पुन्हा फिरवायची, एवढेच काम. कारागीर मात्र घाईत चार खाचा फिरवून ‘झालं’ म्हणतो. खालची हद्द सैल सुटली की शटर टेकल्यावरही पट्ट्या उतरत राहतात आणि फुगतात. आवळली की फटीतून मांजर आत. चकती फिरवताना बाजूला केलेली, चकत्या अडवणारी पत्र्याची पट्टी परत बसवायची राहिली, तर चकत्या दांड्याबरोबर जागच्या जागी फिरतात आणि शटर बेहद्द होते. यावरचा रूढ उपाय म्हणजे ऐन वेळी ‘स्टॉप’चे बटण दाबायला एक पोरगा उभा करणे. या व्यवस्थेला ऑटोमॅटिक शटर म्हणतात.