खोकेवाले शेठ

नालासोपाऱ्यात माणसाचं आडनाव नंतर विचारतात, आधी त्याची गाडी विचारतात. हा सात बावीसवाला, तो आठ पाचवाला. एवढ्यावरून त्याचं ऑफिस, पगार आणि गुडघ्यांची अवस्था, सगळ्याचा अंदाज येतो. चर्चगेट इथून सुमारे ५६ किलोमीटर. बसायला जागा हवी असेल तर आधी उलटं विरारला जायचं आणि तीच गाडी पकडून परत यायचं. अशा गावात कुणी नोकरी सोडली, की ‘आता करणार काय?’ हा प्रश्न दुसरा. पहिला असतो, ‘मग आता गाडी कुठली?’

मी राजीनामा दिला तेव्हा ऑफिसात केक कापला गेला. ‘आपली पॅशन ओळखणारा माणूस’ असं माझं कौतुक झालं. माझी पॅशन म्हणजे मिठाईचे आणि भेटवस्तूंचे खोके. खोके म्हटलं की हल्ली महाराष्ट्रात लोक जरा वेगळ्याच नजरेनं बघतात, म्हणून सांगतो, आमचे पुठ्ठ्याचे असतात आणि रिकामे असतात. गाडीतल्या ग्रुपनं त्याच संध्याकाळी माझं ‘शेठ’ असं बारसं केलं. बायको म्हणाली, “घरात बसून मला सूचना देणार असशील, तर आधी गाळा बघ.” आईला एवढंच कळेना, “अरे, इतकी रजा शिल्लक असताना सोडलीस कशी?”

गाळा पूर्वेला मिळाला. बँकेत मुद्रा कर्जाची चौकशी केली. पन्नास हजारांपर्यंत मागणारे ‘शिशू’ गटात. कानशिलावरचे केस पांढरे झाल्यावर बालवाडीत नाव घालायचं म्हणजे थोडं अवघड वाटतं, पण वयाचा दाखला कुणी मागितला नाही.

पूर्वी प्रिंटर अडला की आयटीवाल्याला फोन करायचा आणि चहाला जायचं. आता आयटीवाला मी, वसुलीवाला मी आणि चहा आणणाराही मीच. रजेचा अर्ज मंजूर करायला वर कुणी नाही, त्यामुळे रजा मिळतही नाही. एक तारखेची मी वाट बघायचो; आता एक तारीख माझी वाट बघते. गाळ्याचं भाडं, विजेचं बिल, पोरांचा पगार घेऊन ती दारातच उभी असते. गिऱ्हाईक मात्र प्रेमळ. “शेठ, माल एक नंबर! पैसे दिवाळीनंतर.” कुठल्या दिवाळीनंतर, हे विचारायचं धैर्य अजून अंगात आलेलं नाही.

अशा वेळी मी लक्ष्मणराव किर्लोस्करांचा आधार घेतो. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत होते. हक्काची बढती डावलली गेली, तशी नोकरी सोडून ते बेळगावला भावाबरोबर सायकलच्या दुकानात आले. ही गोष्ट आपण इथपर्यंत फार चवीनं सांगतो. राजीनाम्याचा प्रसंग नाट्यमय असतो ना! पण पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन नासेल म्हणून शेतकरी त्याला हात लावेनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती १९१० साली, निवडुंगानं भरलेल्या माळावर. सोडण्याला एक दिवस लागला. मधली सगळी वर्षं धरून ठेवण्याची होती, आणि धरून ठेवणाऱ्यासाठी कुणी केक कापत नाही.

आमच्या गावाचा तर धंद्याशी फार जुना संबंध. हे प्राचीन शूर्पारक बंदर. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली इथला स्तूप खणला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी इथे सापडला. बौद्ध ग्रंथ दिव्यावदानात इथल्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट आहे. हा दासीपुत्र. थंडीनं कुडकुडणाऱ्या एका मोळीवाल्याच्या लाकडांत त्यानं अस्सल चंदन ओळखलं आणि मोळी विकत घेतली. पुढे राजाला ताप आला, वैद्यांनी त्याच चंदनाचा लेप सांगितला आणि पूर्णाचं नशीब फळफळलं. मग समुद्रावर सहा यशस्वी सफरी झाल्या. सातवीत जहाजावरचे श्रावस्तीचे व्यापारी बुद्धवचनं म्हणत होते, ती त्याच्या कानावर पडली आणि हा धंदा सोडून भिक्खू झाला.

म्हणजे आमच्या गावातला सगळ्यात नामांकित उद्योजक प्रसिद्ध झाला तो धंदा सोडल्यामुळे! हे वाचल्यावर मी दोन दिवस बराच हलका होतो. उधारी थकली, पुठ्ठ्याचा भाव चढला, वीज गेली, की पूर्णाचा मार्ग डोळ्यांपुढे येई. शेवटी एका रात्री बायकोला म्हटलं, “मलाही हल्ली वैराग्य आल्यासारखं वाटतंय.”

ती हिशेबाची वही पुढे सरकवून म्हणाली, “त्यानं सहा सफरी फायद्यात केल्या होत्या. तू आधी एक कर. तोट्यात असताना येतं त्याला वैराग्य म्हणत नाहीत.”

सकाळी मी गाळ्याचं शटर उघडलं आणि दिवाळीनंतरवाल्या गिऱ्हाइकाला फोन लावला.