नाना आणि तेहतीस अनारसे

आमच्या नानाला नाना हे नाव वयाच्या सहाव्या वर्षी मिळालं. मामाच्या लग्नात बाकीची पोरं सतरंजीवर घसरगुंडी खेळत होती आणि हा आचाऱ्याला जाऊन विचारत होता, "आमटी इतकी पातळ का?" तेव्हापासून नाना. आता वय 39, मुक्काम हारलेम, ॲमस्टरडॅमहून आगगाडीने पाव तासाच्या अंतरावर. नोकरी कॉम्प्युटरची आणि नवरा डच.

हा शेवटचा तपशील ऐकला की लोकांच्या डोळ्यांपुढे कानात डूल, रोजच्या पार्ट्या असलं काहीतरी येतं. प्रत्यक्षात नाना रात्री साडेनऊला झोपतो, रुमालांना इस्त्री करतो आणि दुधाची पिशवी कात्रीने कोपऱ्यावरच कापायची असते, मधे नाही, यावर त्याचं ठाम मत आहे. तिकडे दूध पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळतं, तरीही आहे. स्वातंत्र्य मिळवायला माणूस सात समुद्र ओलांडून गेला आणि मिळालेल्या स्वातंत्र्यात त्याने काय केलं, तर कोथरूडचा एक फ्लॅट जसाच्या तसा मांडला.

त्याच्याकडे पंधरा दिवस राहून आले ती ताईच्या कामगिरीवर. ताई म्हणजे नानाची आई, माझी थोरली बहीण. नाना 'तसा' आहे (ताईचा शब्द 'तसा' हाच) हे कळल्यावर ती दोन वर्षं रडली, एक वर्ष बोलली नाही आणि मग एक दिवस वांगी चिरताना एकदम म्हणाली, "तो तिकडचा मुलगा दुपारी नुसता पावच खातो म्हणे?" सुरी थांबली नव्हती. मी समजले, प्रश्न सुटला. सोसायटीत मात्र तो 'नानाचा रूममेट'च राहिला.

2023 साली अधिक श्रावण आला, 18 जुलै ते 16 ऑगस्ट. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं. ताईला मुलगी नाही, त्यामुळे इतकी वर्षं ती या भानगडीतून सुटली होती. आता तिला रात्रभर झोप येईना. मुलाचा नवरा हा जावई की सून? सून असेल तर मंगळागौर आली. शेवटी तिने आडवळणाने गुरुजींना विचारलं. तीस वर्षं घरातली सगळी कार्यं केलेल्या गुरुजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "पदार्थ जाळीदार हवा. नारायण कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा."

नारायण ठरला. नानाला फोन केला, तर त्याने उलटतपासणी सुरू केली.

"अनारसे तुपात की तेलात?"

"अनारसे तेलात कोण तळतं?"

"मावशी, बाहेरून युरोपात दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप म्हणजे दूधच. आणि खसखस लावणार असाल तर दुबईवरून येऊ नकोस. तिकडे खसखशीला बंदी आहे, पकडतात."

"तू नाही का दुबईवरून येत? स्वस्त पडतं की."

"नाही येत. खसखस आणि मी, दोघंही तिथे बेकायदेशीर."

हे तो ज्या आवाजात बोलला, त्याच आवाजात "पाणी मंगळवारी येणार नाही" असंही बोलतो. मी थेट विमानाचं तिकीट काढलं. ताई "तेलातले आहेत" म्हणाली आणि मी विश्वास ठेवला.

जावईबापू विमानतळावर आले होते. साडेसहा फुटांचा माणूस. नावाचं पहिलं अक्षर घसा खरवडून काढावं लागतं, म्हणून मी पहिल्या दिवसापासून 'जावईबापू'च म्हणते. त्यांना वाटतं हे माझ्याकडून आलेलं लाडाचं नाव आहे. मराठी तीनच शब्दांचं: 'नको', 'पुरे' आणि 'आग्रह'. तिसरा नानाने सावधगिरी म्हणून शिकवलेला. आता पंचाईत अशी, की डच माणूस नको म्हणतो तेव्हा त्याला खरंच नको असतं. मी पोळीवर पोळी धरून दुसऱ्या 'नको'ची वाट बघत उभी, आणि ते ताट उचलून सिंककडे निघालेसुद्धा. माझ्या उभ्या आयुष्यात इतका अपमान कोणी केला नव्हता आणि इतक्या प्रेमाने तर नाहीच.

खरं म्हणजे डच आणि पुणेकर हे एकाच आजीचे नातू असावेत. पाहुण्याला कॉफीबरोबर एक बिस्कीट देतात आणि डबा बंद करतात. हॉटेलातून घरी पोचायच्या आत 'टिकी' नावाच्या ॲपवर तुमच्या वाट्याची मागणी येते, दोन युरो चाळीस सेंट. नाना या ॲपबद्दल बोलतो तेव्हा त्याचा गळा भरून येतो. शीतपेयांच्या डब्यावर पंधरा सेंट अनामत असते, ते परत मिळवायला तो दर शनिवारी पिशवी घेऊन दुकानातल्या यंत्रापुढे उभा राहतो आणि चेपलेला डबा यंत्राने नाकारला तर त्याच्याशी मराठीत भांडतो. या दोघांनी लग्नही असंच काटकसरीत केलं, 2019 साली. तिकडे नगरपालिकेत ठरावीक वेळेला लग्न फुकट लागतं, बहुधा सकाळी, आडवारी. नानाने सोमवारची वेळ घेतली. दहा मिनिटांत आटोपलं, मग दोघं ऑफिसला गेले. या देशाने जगात सगळ्यात आधी, 1 एप्रिल 2001 ला, पुरुषाला पुरुषाशी आणि बाईला बाईशी लग्न करायची मोकळीक दिली. पण नाना त्या इतिहासाबद्दल कमी आणि वाचलेल्या भाड्याबद्दल जास्त सांगतो.

त्याचा राग दोन प्रकारच्या लोकांवर. एक, गोऱ्या मेजवान्यांत मान तिरकी करून "घरी फार छळ झाला असेल ना?" असं विचारणारे. त्यांना दुःखाची कहाणी हवी असते. नाना त्यांना सांगतो, छळ झाला, दहावीला गणितात 150 पैकी 141 पडले म्हणून. त्यात कोणी इंग्रज असला तर मग विचारूच नका. "377 हे कलम 1860 च्या दंडसंहितेतलं. तुमच्याच माणसांनी लिहिलं. तुम्ही तुमच्याकडचं 1967 ला मोडीत काढलं, आमच्याकडे ठेवून गेलात. आम्हाला ते 2018 पर्यंत पुरलं. माल टिकाऊ होता." दुसरा राग आपल्या लोकांवर. दिवाळीच्या फराळाला जमलेली मराठी मंडळी तिसऱ्या चकलीनंतर हळूच विचारतात, "मग तुमच्यात स्वयंपाक कोण करतं?" नाना त्यांना फ्रीजवरचं वेळापत्रक दाखवतो. सम तारखा, विषम तारखा, आणि एकतीसनंतर पहिली आली की लागोपाठ दोन विषम येतात त्याची वेगळी तळटीप.

घरात दोन कॅलेंडरं. स्वयंपाकघरात कालनिर्णय, आणि डच पद्धतीप्रमाणे संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर, बसल्याबसल्या माणसांची आठवण राहावी म्हणून. यावर त्यांचं लग्नातलं पहिलं मोठं भांडण झालं होतं. "माझ्या आईला मी संडासात टांगणार नाही," नाना. "ती विसरली जावी असं वाटतं का तुला?" जावईबापू. तडजोड अशी निघाली, की जे नातेवाईक या घरी येऊन राहिले त्यांना संडासात जागा, बाकीचे कालनिर्णयवर. तिसऱ्या दिवशी सकाळी मला 14 मार्चच्या रेघेवर निळ्या बॉलपेनाने माझं नाव दिसलं. बढतीचं पत्र हातात पडल्यावर बँकेत वाटलं होतं, तसंच काहीसं वाटलं. ताईची तारीख अजून स्वयंपाकघरातच होती.

5 ऑगस्टला, पहिल्या शनिवारी, ॲमस्टरडॅमला समलिंगी मंडळींची कालव्यातली मिरवणूक बघायला गेलो. नावाच नावा, प्रत्येकीवर नाचणारी माणसं, धडाधडा गाणी. मला तर लक्ष्मी रोडचीच आठवण आली. मी विचारलंही, मानाची पहिली कुठली? नाना घड्याळ बघत होता. "अठरा मिनिटं उशीर. आणि हे बघ, निम्म्या नावांवर कंपन्यांच्या जाहिराती. आवाजाला मर्यादा नको?" शेजारी एक आजोबा पिसांचे पंख लावून उभे होते, त्यांना त्याने पंख मागे घ्यायला सांगितलं, मावशीला दिसत नाहीये म्हणून. आजोबांनी घेतले. जावईबापू जमिनीवर पडलेले रिकामे डबे गोळा करत होते, पंधरा-पंधरा सेंट.

गर्दीतून परतताना पुढे दोन मुलगे हातात हात घालून चालले होते. मी नानाला म्हटलं, तुम्ही का नाही रे धरत? "फुटपाथ अडतो," तो म्हणाला. नऊ वर्षं झाली त्याला तिथे. मी पुढे विचारलं नाही.

वाटेत माझे गुडघे बोलायला लागले म्हणून एका चर्चजवळ, कालव्याकाठच्या गुलाबी दगडावर बसले. नंतर कळलं, ते स्मारक आहे. नाझींच्या छावण्यांत अशा पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवायचे, म्हणून ग्रॅनाइटचे तीन त्रिकोण, 1987 साली बसवलेले. मी घाईघाईने उठायला लागले. "बस, मावशी. बसायला चालतं," नाना म्हणाला. एक त्रिकोण पायऱ्यांनी खाली पाण्यापर्यंत जातो, त्यावर कोणी फुलं ठेवली होती. नाना दोन मिनिटं काहीच बोलला नाही. त्याच्या मानाने ती फार झाली. मग म्हणाला, "साडेसहाची गाडी चुकेल."

हिंदुस्थानात त्या वेळी लग्नाच्या हक्काचा खटला सुप्रीम कोर्टात ऐकून झाला होता, निकाल राखून ठेवलेला. तो 17 ऑक्टोबरला लागला. कोर्ट म्हणालं, हे काम संसदेचं. नानाने मला फोनवर एवढंच सांगितलं, की विमानात चढताना तो विवाहित असतो आणि मुंबईला उतरताना कुमार, आणि एवढ्या स्वस्तात घटस्फोट कुठल्याच देशात मिळत नाही.

वाण रविवारी दिलं. जावईबापूंना पाटावर बसवलं. मांडी घालता येईना म्हणून शेवटी पाट खुर्चीवर ठेवला. तबकात तेहतीस अनारसे, वर निरांजन. मी ओवाळलं. नानाने एक अनारसा उचलला, चावला, डोळे मिटले.

"तूप आहे."

मी खिडकीबाहेर बघितलं.

"आईने तुला फसवलं आणि तू सरकारला." तो थोडा वेळ गप्प बसला. मग "आता गुन्हा झालाच आहे" म्हणत त्याने दुसरा घेतला.

जावईबापूंना या सगळ्याचं शास्त्र हवं होतं. तेहतीसच का, भोकंच का? नानाने दहा मिनिटं सांगितलं. ते उठून बाहेर गेले आणि निघायच्या दिवशी ताईचा स्टीलचा डबा मला परत दिला, जड. रिकामा डबा परत करायचा नसतो हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आत स्ट्रोपवाफल, मध्ये पाक भरलेली चौकड्यांची जाळीदार बिस्किटं. तेहतीस.

पुण्यात ताईने डबा उघडून आधी मोजले. नंतर पुन्हा मोजले. तेवढ्यात समोरच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या, डबा बघून थांबल्या.

"हे काय गं?"

"जावयाकडून उलटं वाण आलंय," ताई म्हणाली.

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग ताईकडे. "अगं, पण तुला मुलगी कुठाय?"

ताईने डबा पुढे केला. "आधी एक घ्या. चहाच्या कपावर दोन मिनिटं ठेवायचं असतं म्हणे, पाक मऊ होतो."