रिकामटेकड्यांना रजा नाही

निवृत्त माणसाला लोक विचारतात, ‘सध्या काय करता?’ पूर्वी ‘काही नाही, मजेत’ म्हणून सुटता यायचं. मी ब्लॉग लिहितो, गाणी ऐकतो आणि मोबाइलवर गेम खेळतो. म्हणजे तीन ठिकाणी नोकरी करतो. पगार एकाही ठिकाणी नाही, मस्टर मात्र तिन्हीकडे आहे.

त्यातल्या त्यात ब्लॉगचं खातं निवांत. साहेब विचारत नाहीत, जनता फिरकत नाही. ‘ब्लॉगर’ १९९९ साली सुरू झालं, २००३ मध्ये गूगलने घेतलं आणि युनिकोड रुळल्यावर आपल्याकडेही जो तो लिहायला बसला. तेव्हा सगळा कारभार हळदीकुंकवासारखा: मी तुझ्याकडे ‘छान लिहिलंय’ ठेवून यायचं, तू माझ्याकडे. मजकूर वाचलाच पाहिजे असा कुणाचा आग्रह नव्हता. पुढे सगळ्या सवाष्णी फेसबुकवर गेल्या. आता रात्री आकडेवारी उघडावी तर सिंगापूरहून पुष्कळ वाचक आणि कोथरूडमधून एकही नाही. सिंगापूरची ती यंत्रं असणार, असं मुलगी म्हणते. असोत. यंत्रं निदान शुद्धलेखनाच्या चुका काढत नाहीत.

गाणी तरी बिनकामाची राहतील असं वाटलं होतं. पण वर्ष सरत आलं की स्पॉटिफाय गोपनीय अहवाल हातात ठेवतं: कुणाला ऐकलं, किती मिनिटं ऐकलं. लोक तो हौसेने स्टेटसला लावतात. उभ्या नोकरीत स्वतःचा गोपनीय अहवाल नोटीस बोर्डावर लावणारा माणूस मी पाहिला नाही. बरं, यांच्या हिशेबात ३० सेकंद झाले की गाणं ऐकलं. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तनही तेवढ्यात संपत नाही. समेवर यायच्या आधीच हजेरी लागली! आणि पाऊण तासाचा बडा ख्याल शेवटपर्यंत ऐकला, तरी मोजणीत एकच. परिणामी वर्षभर यमन ऐकणाऱ्या माझ्या अहवालात पहिला नंबर आला तो नातवाला भात भरवताना लावलेल्या माकडाच्या गाण्याचा. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानातून अंतराळात गेली, ते बरंच झालं. तिथे गाणं पुढे ढकलणारा अंगठा नाही.

खरी राबणूक गेममध्ये. ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ हा फिनलंडच्या कंपनीचा २०१२ सालचा खेळ. तोफ वाढवायला घेतली की बांधकामवाले दिवसच्या दिवस लावतात. पैसे मोजले की काम जागच्या जागी पुरं. खेळ परदेशी, पण व्यवस्था ओळखीची. फक्त इथे पावती मिळते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. चांगलं झालं, काही संसार तरी वाचतील. आमचा खेळ त्यातून सुटला, कारण इथे पैसे नुसते जातात. परत येण्याची आशाच नाही.

त्याच्या महिनाभर आधी विधान परिषदेतला रमीचा व्हिडिओ गाजला होता. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी सांगितलं, आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात घालवत होतो. माझा विश्वास आहे. जाहिरात बंद करायची ती बारीक फुली मलाही कधी वेळेवर सापडलेली नाही. पुढे त्यांच्याकडे क्रीडा खातं आलं. इतकी वर्षं अंगठे झिजवणाऱ्या मला मात्र सोसायटीच्या कॅरम स्पर्धेतसुद्धा कुणी पंच म्हणून बोलावलेलं नाही.

आमच्या खेळातल्या क्लॅनमध्ये, म्हणजे टोळीत, जास्तीत जास्त ५० माणसं. आमचा लीडर बार्शीचा, नववीतला. वॉर लागलं की प्रत्येकाने दोन अटॅक करायचे. जो करणार नाही त्याला नारळ. लहान वयात इतका कडक साहेब मी मंत्रालयातही पाहिला नाही. गणपतीत त्याला अदबीने लिहिलं, ‘घरी पाहुणे आहेत. दीड दिवस सुट्टी मिळेल का?’

लगेच उत्तर आलं, ‘काका, आधी दोन अटॅक मारा, मग आरतीला जा. मी मांडवातूनच खेळतोय.’