कोट घेतलास? कितीला?

अगं, थांब जरा. काय वाळत घालतेयस ते दोरीवर? जाकीट? ऑक्टोबरात इथे दोरीवर जाकीट वाळत नाही बाई, होतं त्याहून ओलं होतं. आत घेऊन जा आणि हीटरजवळ खुर्चीच्या पाठीवर टाक. बघू, कुंपणाजवळ आण. पुण्यात घेतलंस ना? वाटलंच मला. आत नुसता फोम आहे आणि गळ्यापाशी ही एवढी फट. वारा शिरतो ना तिथून? शिरणारच.

तू एकटी नाहीस, सगळे तेच करतात. निघायच्या आधी महिनाभर तुळशीबाग, लक्ष्मी रोड, फॅशन स्ट्रीट पालथं घालायचं आणि दोन बॅगा लोकरीच्या सामानानं ठासून भरायच्या. सासूबाईंनी विणलेली कानटोपी त्यात असतेच. लंडनची थंडी म्हणजे काही लेह-लडाखची थंडी नाही गं. बर्फ पडला तर बातमी होते इथे. त्रास असतो तो भुरभुर पावसाचा आणि त्या मेल्या वाऱ्याचा. छत्री उघडलीस की उलटीच होते. म्हणून इथली माणसं टोपीवाला रेनकोट घालून चालतात. शिवाय दुकानात, ऑफिसात, गाडीत सगळीकडे हीटिंग. आतून जाड स्वेटर घातलास की ट्रेनमध्ये घामाच्या धारा लागतील. पातळ पातळ कपडे एकावर एक घालायचे, सगळ्यांच्या वर वारा-पाऊस अडवणारं एकच काहीतरी चांगलं. तेवढ्या एका वस्तूवर पैसे खर्च कर, बाकी सगळं स्वस्तातलं चालतं.

पहिल्याच रविवारी तुझ्या नवऱ्यानं तुला ऑक्सफर्ड स्ट्रीट दाखवला असेल. आमच्या ह्यांनीही तेच केलं होतं. नवीन माणसाला ऑक्सफर्ड स्ट्रीट म्हणजे आपला लक्ष्मी रोड वाटतो. बघायला जा, ख्रिसमसची रोषणाई बघ, पण पाकीट घरी ठेवून जा. तिथे टूरिस्ट खरेदी करतात. आणि ते प्रत्येक किमतीला शंभरानं गुणणं आधी बंद कर. पौंड आता शंभराच्याही वर गेलाय, गुणत बसलीस तर अंगावर चिंधी चढायची नाही.

प्रायमार्कला जाऊन आलीस का? आपल्या हॅरोतच आहे की, त्यासाठी गावात कशाला जायचं? अगं, ते मूळचं डब्लिनचं दुकान, १९६९ सालचं. आयर्लंडमध्ये अजूनही त्याला पेनीज म्हणतात, पण ते नाव दुसऱ्या एका अमेरिकन कंपनीचं असल्यामुळे बाहेर प्रायमार्क झालं. स्वस्त आहे, यात वाद नाही. मोजे, बनियन, टाइट्स, पोरांचे रात्रीचे कपडे डोळे मिटून आण. कोट मात्र आणू नकोस तिथून. एका हिवाळ्यात त्याची लव निघून गोळे येतात. पावती जपून ठेव, अठ्ठावीस दिवसांत परत करता येतं. पण सगळी दुकानं तशी नसतात हं. वस्तू सदोष निघाली तर कायद्यानं परत घ्यावी लागते, नुसतं 'आवडलं नाही' म्हणालीस तर दुकानदाराची मर्जी. ऑनलाइन मागवलंस तर मात्र चौदा दिवसांत विचार बदलायचा हक्क आहे तुला. इथल्या बायका तीन मापं मागवतात, दोन परत पाठवतात आणि त्यांना त्यात काही वाटत नाही. आपल्याला उगीच लाज वाटते.

मापाचं विचारतेयस? ते एक प्रकरणच आहे. तिकडचं मिडियम, लार्ज विसर. इथे आठ, दहा, बारा असे आकडे, आणि एका दुकानातलं दहा दुसऱ्या दुकानात बारा होतं. आपली उंची पाच फूट दोन इंच, इथल्या पँटी शिवलेल्या उंचाड्यांसाठी. आखूड करून घ्यायला टेलरकडे गेलीस तर शिलाई पँटीच्या वर जाते. त्यापेक्षा पेटीट असं लिहिलेलं बघ, पाच-तीनच्या खालच्या बायकांसाठीच ते असतं. आणि तुला एक गंमत सांगते, कुणाला बोलू नकोस. तू बारीक आहेस, तेव्हा सरळ मुलांच्या विभागात जा, तेरा-चौदा वर्षांचं माप. इथे मोठ्यांच्या कपड्यांवर वीस टक्के व्हॅट असतो, लहान मुलांच्या कपड्यांवर शून्य. तोच रेनकोट, तीच चेन, तोच कारखाना असेल, पण पाच-सात पौंड कमी. मी कशी जाणार तिथे? माझी ती वर्षं गेली, पण धाकट्या जावेला घेऊन दिलाय मी तिथून, निळा. तिच्या ऑफिसात सगळ्या विचारत होत्या कुठला म्हणून.

शाळेचं म्हणशील तर पोराचा युनिफॉर्म आताच घाईनं घेऊ नकोस. ज्याच्यावर शाळेचा बिल्ला भरलेला असतो तो स्वेटर किंवा ब्लेझर शाळेच्या ठरावीक दुकानातून घ्यावा लागतो आणि तिथेच खिसा कापला जातो. बाकी करडी पँट, पांढरा पोलो शर्ट असं साधं सगळं सुपरमार्केटात मिळतं. हो, भाजीच्याच दुकानात! टेस्को, सेन्सबरीज, ॲस्डा. ॲस्डातल्या कपड्यांना जॉर्ज म्हणतात, ते जॉर्ज डेव्हिस नावाच्या डिझायनरच्या नावावरून. कोथिंबिरीच्या जुडीशेजारी ट्रॉलीत शाळेची पँट टाकताना पहिल्यांदा हसूच येतं. ऑगस्टमध्ये घे, तेव्हा ढीग लागलेले असतात. आणि बिल्ल्याच्या स्वेटरसाठी शाळेच्या ऑफिसात विचार, वापरलेले युनिफॉर्म आहेत का म्हणून. २०२१ साली इथे कायदाच झालाय की शाळांनी युनिफॉर्मचा खर्च आटोक्यात ठेवावा, आणि त्याच्या नियमांत जुने युनिफॉर्म मिळण्याची सोय असली पाहिजे असंही आहे. तेव्हा विचारायला बिचकू नकोस. पालकांची संघटना टेबल मांडून विकते, एक-दोन पौंडाला. पोरं सहा महिन्यांत वाढतात, स्वेटर नवाच्या नवा राहतो.

का गं, तोंड का वाकडं केलंस? जुने म्हटल्यावर? कळलं मला. 'दुसऱ्याच्या अंगावरचे उतरलेले कपडे?' हेच ना? मीही अशीच होते. आईनं ऐकलं असतं तर मला न्हाणीघरातच उभं केलं असतं. पण एक सांग, आपल्याकडे बोहारीण यायची की नाही दारावर? तीन साड्या, वडिलांच्या दोन पँटी आणि वर एक शर्ट दिला की एक स्टीलचं पातेलं. आई तासभर हुज्जत घालायची, बोहारीण दोनदा टोपलं उचलून निघाल्यासारखं करायची आणि शेवटी एक चमचा वर मिळाला की दोघी खूश. ते कपडे पुढे कुठे जायचे, विचारलं होतं का आपण कधी? कुणीतरी धुवून, टाके घालून विकत होतं आणि कुणीतरी विकत घेऊन अंगावर घालत होतं. देणाऱ्याच्या बाजूला आपण होतो म्हणून कमीपणा वाटला नाही, एवढंच.

इथे ते काम चॅरिटी शॉप करतात. हे हाय स्ट्रीटवर ओळीनं दिसतात ना, ऑक्सफॅम, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन, कॅन्सर रिसर्च, बार्नार्डोज, तेच. ऑक्सफॅमचं पहिलं दुकान ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर १९४७ साली निघालं. लोक आपणहून चांगले कपडे आणून देतात, गल्ल्यावर बहुतेक वेळा पगार न घेणारी आजीबाई असते आणि दुकानाच्या महापालिकेच्या करात ऐंशी टक्के सूट. म्हणून परवडतं. आलेला पैसा संस्थेच्या कामाला जातो. इंग्रज बायका मोठ्या तोऱ्यात सांगतात, हा मी चॅरिटी शॉपमधून घेतला म्हणून! आपल्यातल्या मात्र सांगत नाहीत. तो कोपऱ्यावरचा लाल दरवाजा बघितलास? तिथल्या वहिनी महाराष्ट्र मंडळात उंटाच्या रंगाचा लांब कोट घालून येतात आणि कुणी विचारलं की 'सेलमध्ये मिळाला हो' म्हणतात. मागच्या हिवाळ्यात मी पिनरच्या एका दुकानात कोट चाळतेय, तर दांडीच्या पलीकडून कुणाचा तरी हात त्याच कोटाची बाही धरून. वर बघितलं तर ह्याच! दोघी एकदम पुस्तकांच्या कपाटाकडे वळलो आणि 'नातवाला गोष्टींची पुस्तकं बघत होते' म्हणून मोकळ्या झालो. त्यांना नातू नाही अजून. कोट मात्र त्यांनीच नेला, मी बाहेर पडल्यावर.

पिनर का, ते ऐक. चॅरिटी शॉपात तोच माल येतो जो आसपासचे लोक देतात. म्हणून जावं श्रीमंतांच्या पेठेत. आपल्या इथून मेट्रोपॉलिटन लाइननं दोन स्टेशनं, नॉर्थ हॅरो आणि मग पिनर. नॉर्थवुड त्याच्या पुढे. चेल्सीला रेड क्रॉसचं दुकान आहे, तिथे बड्या डिझायनरांचे कपडे येतात, पण किमतीही त्याच तोऱ्याच्या. नुसती बघायला जा. बसनं फिरणार असशील तर एकदा तिकीट पडलं की तासाभरात दुसऱ्या बसला पैसे लागत नाहीत, तेवढ्यात दोन हाय स्ट्रीट होतात.

आणि कोट उचललास की रंग नंतर बघ, आधी आतल्या शिवणीतली पट्टी उलटून वाच. लोकर किती टक्के लिहिलंय? सत्तर-ऐंशीच्या वर असेल तर घे. पण त्याच पट्टीवर चौकोनातल्या वर्तुळाशेजारी नुसतं वर्तुळ असतं बघ, त्याचा अर्थ ड्राय क्लीन. वीस पौंडांचा कोट आणि धुलाईला पंधरा, असा हिशोब होतो. मग काखेतला अस्तराचा जोड बघ, तिथेच आधी उसवतो. खिशात हात घाल, भोक असेल तर चाव्या अस्तरात जाऊन बसतात. कोपराजवळ उजेडाकडे धर, कसर लागलेली असेल तर बारीक बारीक ठिपके चमकतील. तसला कोट घरात आणूच नकोस, तुझ्या पैठण्या खाऊन टाकील. बटण नसलं तर घे, बटणाचं काय, आतल्या बाजूला जास्तीचं शिवलेलं असतं. घरी आणल्यावर दोन दिवस बाहेर वाऱ्यावर टाक आणि मग खुशाल घाल.

घासाघीस? छे छे, तिथे नाही करायची. संस्थेचं दुकान आहे ते. पण हात फारच शिवशिवले तर कार बूटला चल. मैदानात किंवा शाळेच्या आवारात रविवारी पहाटे गाड्या लावतात, डिकी उघडतात आणि घरातलं जुनं सामान टेबलावर. तिथे पाच म्हटलं की दोन म्हणायचं, अगदी तुळशीबागेत शिकलीस तसं. सुट्टी नाणी ने. चांगलं हवं तर उजाडताच जा, स्वस्त हवं तर उठायच्या वेळेला, कारण उरलेलं परत घरी न्यायचा त्यांना कंटाळा असतो. टीके मॅक्सही चांगलं आहे, बड्या कंपन्यांचा माल कमी किमतीत असतो, पण ढीग उपसायला तास काढावा लागतो आणि आपल्याला ज्याची गरज नाही तेच हाताला लागतं.

नवाच कोट हवा असेल तर डिसेंबरच्या सव्वीस तारखेपर्यंत दम धर. बॉक्सिंग डेपासून सेल लागतात आणि जानेवारीच्या मध्यावर दुकानांना हिवाळा नकोसा होतो. खरी थंडी तेव्हाच सुरू असते, पण ते मेले पोहायचे पोशाख मांडायला लागतात. तोवर तुला माझा एक देते, तपकिरी आहे, चालेल?

साड्यांची काळजी नको, त्या तिकडूनच आण. वेम्बलीला ईलिंग रोडवर आणि साउथॉलला सगळं मिळतं, पण किंमत ऐकून चक्कर येईल. फॉल-पिको तर तिकडनंच करून आण. आणि डॉलिस हिलला मंडळात संक्रांतीला येशील ना? आपलं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे, सगळ्या भेटतील. तिथे बघ, निम्म्या जणी काठापदराच्या साडीखाली ब्लाऊजऐवजी काळा पोलोनेक घालून येतात. पदर कोटाच्या आत घे, बाहेर राहिला तर एस्केलेटरमध्ये अडकेल.

आणि शनिवारी आपण दोघी पिनरला जाऊ, तेव्हा तुझी ती न लागणारी फोमची जाकिटं पिशवीत भरून घे, देऊन टाकू. पिशवीबरोबर एक फॉर्म देतात, गिफ्ट एडचा. नवऱ्याचेही जुने कपडे घे आणि त्यांच्यासाठी फॉर्मवर त्याचं नाव-पत्ता लिही, तो इथे टॅक्स भरतो ना? मग त्या कपड्यांच्या विक्रीतल्या प्रत्येक पौंडामागे सरकार त्या संस्थेला आणखी पंचवीस पेन्स देतं.